रकाना क्रमांक बारा

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका रात्री साडेअकराला मित्राचा फोन आला. हा माणूस इतक्या उशिरा दोनच कारणांनी फोन करतो, लॅपटॉप बिघडला म्हणून किंवा नोकरीचं काही झालं म्हणून. या वेळी दुसरं कारण होतं. केंद्र सरकारच्या एका वैज्ञानिक खात्यात तांत्रिक पदावर त्याची निवड झाली होती. लेखी परीक्षा, कौशल्य चाचणी, मेडिकल, सगळं पार पडलं होतं. राहिला होता एक फॉर्म.

"रकाना बारामध्ये काय लिहू?" त्याने विचारलं.

सरकारी नोकरीच्या वाटेला गेलेल्यांना हा फॉर्म माहीत असेल. अ‍ॅटेस्टेशन फॉर्म. वरच चौकटीत ताकीद असते: खोटी माहिती दिलीत किंवा माहिती लपवलीत तर नोकरीला अपात्र ठराल. मग नाव, गाव, मागच्या काही वर्षांतले पत्ते, आईवडिलांची माहिती. आणि मग तो रकाना. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? खटला चालला आहे का? स्थानबद्ध केलं आहे का? चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला आहे का (आपल्याकडे याला 'चॅप्टर केस' म्हणतात)? दंड झाला आहे का? शिक्षा? आज एखादी केस प्रलंबित आहे का? फॉर्म पोलिसांकडे जातो, पोलीस आपल्या नोंदींशी ताडून पाहतात आणि मग खातं ठरवतं, की या माणसाला फाटकाच्या आत घ्यायचं की नाही.

माझ्या मित्राचं नाव एका नोंदीत आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण नाव लिहिलं जाण्याचाच हा सगळा घोळ आहे.

२०१६चा दुष्काळ आठवत असेल. लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तो. आम्ही तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आमच्या होस्टेलला नऊ दिवस पाणी नव्हतं. दहाव्या दिवशी रिकाम्या बादल्या घेऊन आम्ही साठ-सत्तर पोरं कॉलेजसमोरच्या रस्त्यावर बसलो. पाऊण तास घोषणा झाल्या. जमावबंदीचा आदेश लागू होता, हे आम्हाला पोलीस आल्यावर कळलं. त्यांनी पुढच्या ओळीतल्या अकरा जणांची नावं लिहून घेतली. बेकायदा जमाव, रस्ता अडवणं, आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १३५. मित्राचा आवाज मोठा, म्हणून तो पुढे होता. मी पण होतो. मागे, झाडाच्या सावलीत. माझी बादली निळी होती, इतकं स्पष्ट आठवतं.

२०२१मध्ये सरकारने आंदोलनाच्या काही केसेस मागे घेतल्या, त्यात ही पण गेली. दोन वर्षांपूर्वी माझ्या कंपनीला एका सरकारी प्रोजेक्टचं काम मिळालं तेव्हा माझीही पोलीस पडताळणी झाली. मी 'नाही' असं लिहिलं आणि ते खरं होतं.

मी कोड लिहितो, कायद्यातलं मला काही कळत नाही. पण त्या रात्री "बघतो" म्हणून फोन ठेवला आणि पुढचे तीन आठवडे ऑफिसनंतर सुप्रीम कोर्टाचे निकाल वाचत बसलो.

पहिलाच जो निकाल हाती लागला, त्याने झोप उडवली. २००३चा. केंद्रीय विद्यालयातल्या एका शारीरिक शिक्षण शिक्षकाचा. त्याच्यावर मारहाण, शिवीगाळ, धमकी अशा कलमांची एक केस होती. अ‍ॅटेस्टेशन फॉर्मच्या रकाना १२ आणि १३मध्ये त्याने 'नाही' लिहिलं. पोलीस पडताळणीत केस सापडली आणि १९९९मध्ये त्याची नोकरी गेली. त्याचं एक म्हणणं असं, की माझं शिक्षण हिंदी माध्यमातलं, इंग्रजी फॉर्ममधले ते शब्द मला समजले नाहीत. दुसरं म्हणणं, की ती केस तर पुढे राज्य सरकारने मागेच घेतली. हायकोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. बी.ए., बी.एड., एम.एड. झालेल्या माणसाला फॉर्म समजला नाही, हे पटत नाही, असं कोर्टाने म्हटलं. आणि केस किती गंभीर होती, पुढे तिचं काय झालं, हा प्रश्नच नाही. फॉर्म भरला त्या दिवशी केस होती आणि त्याने ती लपवली. ज्या चारित्र्याची पडताळणी करायची, ते या लपवण्यातच दिसलं.

हे तर्कशास्त्र मला कळतं. सिस्टिममध्ये युजरने खोटा इनपुट दिला, तर पुढचं काहीच विश्वासाचं राहत नाही. पण शिपायापासून शिक्षकापर्यंत किती जणांना 'प्रॉसिक्यूटेड' आणि 'कन्व्हिक्टेड' यांतला फरक नेमका सांगता येईल? मला स्वतःला तो या तीन आठवड्यांत समजला.

मित्राला मी हे लगेच सांगितलं नाही. त्याचीही केस मागे घेतलेलीच होती ना.

दुसरीकडे, कोर्ट नेहमीच इतकं कडक नव्हतं. १९८३चा एक निकाल आहे, मध्य प्रदेशातल्या शिक्षकाचा. नगरपालिकेच्या शाळेतून १९७२मध्ये त्याला सरकारी सेवेत घेतलं, पूर्वचारित्र्याच्या पडताळणीच्या अटीवर. १९७४मध्ये काढून टाकलं. कारण पोलिसांचा अहवाल: हा पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघाच्या कार्यक्रमांत भाग घेत होता. गुन्हा नाही, एफआयआर नाही, फक्त अहवाल. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी हा निकाल लिहिला. डाव्या विचारांकडे त्यांचा ओढा होता, संघाचं त्यांना कौतुक असण्याचं कारण नव्हतं, आणि तरी त्यांनी सरकारला झापलं. भारत हे पोलिसी राज्य नाही, तरुणपणी कुठल्या पक्षाच्या मागे गेलात म्हणून शाळेत शिकवायला पोलिसांची परवानगी लागू नये, असा त्या निकालाचा रोख आहे. त्यात त्यांनी अमेरिकेत १९५०च्या दशकात झालेल्या निष्ठातपासणीची आठवण काढली आहे.

त्या उल्लेखामुळे मी अमेरिकेकडे वळलो. 'सिक्युरिटी क्लिअरन्स' हा शब्द आपल्याकडे वेबसीरिजमधून आला असला, तरी या प्रकरणाचा सगळ्यात विस्तृत कागदोपत्री इतिहास तिथेच आहे.

ईगन नावाचा एक मजूर. इंजिनिअर नाही, गुप्तहेर नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनला अमेरिकी नौदलाचा एक तळ होता, तिथे ट्रायडंट पाणबुड्यांची देखभाल व्हायची. १९८१च्या नोव्हेंबरमध्ये तो तिथे लागला. ट्रायडंट म्हणजे अण्वस्त्रं वाहणारी पाणबुडी, त्यामुळे तिथे झाडू मारायलाही क्लिअरन्स हवा. १९८३मध्ये त्याला पत्र आलं, की क्लिअरन्स नाकारण्याचा विचार आहे. कारणं: मारहाणीबद्दल शिक्षा, गुन्हेगार ठरल्यावरही बंदूक बाळगल्याबद्दल शिक्षा, पूर्वीचं दारूचं व्यसन. आणि आणखी एक कारण: भरलेली बंदूक जवळ बाळगल्याच्या दोन जुन्या शिक्षा त्याने अर्जात लिहिल्या नव्हत्या.

ईगनचं उत्तर वाचून मला आपला हिंदी माध्यमाचा शिक्षक आठवला. त्याने कळवलं, की केलेल्या गुन्ह्यांची शिक्षा मी भोगून झालो आहे, दारूचा त्रास अर्जाच्या आधीच तीन वर्षं संपला होता, आणि सात वर्षांपेक्षा जुन्या शिक्षा फॉर्म विचारतोय असं मला वाटलं नाही. वरिष्ठांची चांगली शिफारसपत्रंही त्याने जोडली. उपयोग झाला नाही. क्लिअरन्स गेला, म्हणून काम गेलं. भांडत भांडत प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं आणि फेब्रुवारी १९८८मध्ये पाच विरुद्ध तीन असा निकाल लागला. क्लिअरन्सवर कुणाचाही हक्क नसतो. क्लिअरन्स नाकारणं हा त्या माणसाच्या चारित्र्यावरचा निवाडाही नसतो. तो एक अंदाज असतो, की हा पुढे कसा वागेल. आणि अंदाज चुकणारच असेल, तर तो नकाराच्या बाजूने चुकलेला बरा.

या निकालाने माझ्या डोक्यातली एक गाठ सुटली. तोवर मी हे सगळं खटल्यासारखं वाचत होतो: आरोप, पुरावा, निर्दोष असेल तर सोडा. पण क्लिअरन्स देणारा माणूस न्यायाधीशासारखा विचार करत नाही, तो विमा कंपनीसारखा विचार करतो. कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, इथे तो सरकारला मिळतो. म्हणूनच अमेरिकेची २०१७पासून लागू असलेली नियमावली उघड सांगते, की गुन्हेगारी वर्तनाचा विचार करताना विश्वासार्ह आरोपही पुरेसा आहे, मग आरोपपत्र असो वा नसो, शिक्षा झालेली असो वा नसो. सुटकेच्या वाटाही तिथेच लिहिल्या आहेत. बराच काळ लोटला आहे, पुन्हा होण्याची शक्यता नाही, ठोस पुरावा नाही, माणूस सुधारला आहे. त्यांचा फॉर्म शंभराहून जास्त पानांचा असतो (आमच्या कंपनीच्या ऑनबोर्डिंगला मी उगाच नावं ठेवतो), आणि पोलीस नोंदींबद्दलचे त्यातले बरेचसे प्रश्न शेवटच्या सात वर्षांपुरते आहेत.

आपल्या रकान्यात वर्षांची मर्यादा नाही. आपल्याकडे 'कधीही'.

या 'कधीही'वर माझं आणि मित्राचं बोलणं त्याच्या घरी झालं, सोलापूरला. त्याचं घर विमुक्त समाजातलं. आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मले. काटेरी तारांच्या आतल्या त्या वस्तीबद्दल मी शाळेत काही शिकलो नव्हतो, त्याच्याकडूनच कळलं. १८७१च्या सत्ताविसाव्या कायद्याने इंग्रज सरकारला अधिकार मिळाला, की एखादी अख्खी जमातच 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करायची. एकदा जाहीर केलं, की त्या घोषणेविरुद्ध कोर्टात दाद नाही. आधी हा कायदा उत्तरेत होता, १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. पोलीस ठाण्यात नोंदवही, बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला पास. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसं गिरण्यांमध्ये राबायची आणि परत तारांच्या आत यायची. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला तेव्हा आजोबा बारा वर्षांचे होते. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, म्हणजे जमातीऐवजी माणूस. पण ठाण्यातल्या हवालदाराला कुठली वस्ती आधी बघायची, हे कायद्याने विसरायला लावलं नाही.

आजचा फॉर्म त्या कायद्यातून निघाला असं नाही. पण माझ्यासारख्याला तो फॉर्म म्हणजे चार मिनिटांचं काम असतं आणि त्याच्यासारख्याला नसतं, याचं कारण तिथे आहे. मित्र म्हणाला, "आमच्या घरात पोलिसांच्या वहीत नाव नसलेला मी पहिलाच होतो. एकोणीस वर्षं टिकलं." हसत म्हणाला. आजोबा बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते. मधेच शेजारचा एक पोरगा खाकी पँट घालून आत आला, सिक्युरिटी गार्डची. आजोबा खुर्चीतून अर्धे उठले आणि मग बसले. घरातल्या कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

नाव एकदा चढलं की उतरत नाही, हे मला माझ्या धंद्यातून कळतं. आमच्याकडे डेटाबेसमध्ये फार कमी गोष्टी खरोखर डिलीट होतात. एक फ्लॅग बदलतो, ओळ तिथेच राहते. देशभरातली पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडण्याचा सीसीटीएनएस प्रकल्प २००९मध्ये मंजूर झाला. पूर्वी हवालदाराला वही शोधावी लागायची, कधी ती सापडायचीच नाही, आणि त्या न सापडण्यात अनेकांची दया लपलेली असायची. आता नाव टाईप केलं की ओळ येते. शेजारच्या रकान्यात 'केस मागे घेतली' असं असेलही. पण आधी वाचली जाते ती ओळ.

आणि आत शिरलेल्या माणसालाही हे चुकत नाही. नंबी नारायणन यांची गोष्ट सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे. इस्रोच्या क्रायोजेनिक प्रकल्पाचे प्रमुख, ३० नोव्हेंबर १९९४ला हेरगिरीच्या आरोपाखाली अटक. १९९६मध्ये सीबीआयने प्रकरण खोटं असल्याचं सांगून बंद केलं. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने ५० लाखांची भरपाई दिली. सिनेमा संपतो तिथे टाळ्या पडतात. पण मधल्या वर्षांत ते इस्रोतच होते, टेबलावरच्या कामाला, इंजिनापासून लांब, निवृत्त होईपर्यंत.

२००३नंतर सुप्रीम कोर्टाच्या वेगवेगळ्या खंडपीठांनी एकमेकांशी न जुळणारे निकाल दिले. २०११मध्ये दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होऊ पाहणाऱ्या एका मुलाचं प्रकरण आलं. विशीतला असताना घरच्या भाडेकरूशी मारामारी, तडजोड होऊन निर्दोष, अर्जात मात्र 'नाही'. न्यायमूर्ती काटजू यांनी त्याला माफ केलं, पावासाठी चोर ठरलेल्या ज्याँ व्हाल्ज्याँचा दाखला दिला आणि तरुणांच्या चुकांकडे उदारपणे बघा असं लिहिलं. दोनच वर्षांनी, २०१३मध्ये, मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलेल्या न्यायमूर्ती रंजना देसाई यांचा निकाल आला, तोही दिल्ली पोलिसांच्याच भरतीचा. तडजोड झाली किंवा साक्षीदार फिरले म्हणून सुटणं आणि सन्मानाने निर्दोष ठरणं वेगळं. पोलीस खात्याला असा उमेदवार नको असेल तर खात्याचं मत चालेल. मला व्यक्तिशः पहिला निकाल आवडला आणि दुसरा पटला. माझ्या गल्लीत बंदोबस्ताला येणारा माणूस साक्षीदार फोडून सुटलेला असावा असं मलाही वाटत नाही. अडचण इतकीच, की 'साक्षीदार फोडले' आणि 'साक्षीदार आलेच नाहीत, कारण मुळात काही झालंच नव्हतं' या दोन्हींची निकालपत्रं सारखीच दिसतात.

हा गोंधळ मिटवायला प्रकरण तीन न्यायमूर्तींकडे गेलं आणि २१ जुलै २०१६ला 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' हा निकाल आला. आम्ही बादल्या घेऊन बसलो, त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी. न्यायमूर्ती अरुण मिश्रा यांनी लिहिलेल्या या निकालात शेवटी अकरा मुद्दे आहेत. (पुढच्या ओळीतली अकरा नावं आणि हे अकरा मुद्दे, मित्राला यात शकुन दिसला. मला नाही.) माहिती खरीच द्यायला हवी. पण लपवलेली गोष्ट किरकोळ असेल, लहान वयातली असेल, तर खातं ती माफ करू शकतं. आणि किरकोळ म्हणजे काय, याचं उदाहरण कोर्टाने दिलं आहे ते तरुणपणी घोषणा देण्याचं. फॉर्मने जे स्पष्ट विचारलं तेवढंच सांगणं बंधनकारक आहे, प्रश्न मोघम असेल तर लपवल्याचा ठपका ठेवता येणार नाही. केस आहे हेच माणसाला माहीत नसेल, तरीही नाही. आणि एक मुद्दा, जो मी मित्राला दोनदा वाचून दाखवला: उमेदवाराने सगळं खरं सांगितलं, तरीही त्याचं पूर्वचारित्र्य पाहून नोकरी द्यायची की नाही, हे ठरवायचा हक्क खात्याकडेच राहतो. खरं बोललास म्हणून नोकरी देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही.

"म्हणजे खोटं बोललो तर जाईल, आणि खरं बोललो तर जाऊ शकेल," तो म्हणाला.

"हो."

"मग तू काय लिहिलं असतंस?"

मी पुढच्या ओळीत बसलो असतो तर काय लिहिलं असतं, असं त्याला विचारायचं होतं. मी म्हणालो, 'होय' लिही आणि कागद जोड.

कागद मिळवायला तालुक्याच्या कोर्टात दोन फेऱ्या झाल्या. नक्कल विभागात अर्ज, तिकीट, पहिल्या दिवशी "साहेब रजेवर आहेत", चार दिवसांनी परत. केस मागे घेतल्याचा आदेश सहा ओळींचा निघाला. सरकारी वकिलांनी कलम ३२१खाली अर्ज केला, कोर्टाने परवानगी दिली, आरोपी क्रमांक १ ते ११ यांना मुक्त करण्यात येत आहे. मित्र आरोपी क्रमांक ३ होता. त्याला हे तोवर माहीत नव्हतं.

त्याने रकाना बारामध्ये अटक 'नाही', खटला 'होय', शिक्षा 'नाही', प्रलंबित 'नाही' असं लिहिलं आणि सोबत एक पानी निवेदन जोडलं: गुन्हा क्रमांक, कलमं, तारीख, आदेशाची नक्कल. निवेदनात 'पाण्यासाठी' हा शब्द ठेवायचा की नाही, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. त्याला वाटत होतं की ती सबब वाटेल. शेवटी ठेवला.

जानेवारीत ठाण्यातून माणूस घरी येऊन गेला. शेजाऱ्यांच्या दोन सह्या घेतल्या, चहा घेतला, आजोबांचं वय विचारलं. पोर्टलवर अजून 'पडताळणी प्रलंबित' असंच दिसतं. मित्र दर सोमवारी सकाळी त्याचा स्क्रीनशॉट मला पाठवतो, वर काही न लिहिता.